दुसऱ्या सहीचा रकाना

ट्रॅक्टर जोडून पुरा झाला त्याला अडीच महिने होऊन गेले होते, पण वसुधानं तो अजून एकदाही सुरू करून पाहिला नव्हता.

सतनामला हे काही केल्या उमगत नव्हतं. सतनामसिंगचं चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात लेथचं दुकान होतं. ट्रॅक्टरचा झिजलेला बुश, आसाभोवतीचं धातूचं कडं, त्यानंच कातून दिला होता, तोही दोनदा, कारण मॅडमनी पहिला घेऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तोच सांगितला होता. "स्पेअर रख लो जी," असं म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. तेव्हापासून त्या यंत्रात आपलाही वाटा आहे असं तो धरून चालायचा. वसुधाच्या सेक्टर सदतीसकडून जाणं झालं की मागच्या गल्लीत स्कूटर उभी करायचा आणि फाटकावरून मान लांब करायचा.

"मॅडमजी, हुण की रह गया? पेट्रोल पाओ, रस्सी खिच्चो, गल्ल खतम!"

"चेकिंग बाकी आहे, सतनामजी."

"चेकिंग? लाओ रजिस्टर, मैं साइन कर देता हूँ." आणि तो खरोखरच खिशातून पेन काढायचा.

"न बघता?"

"आपने किया है जी. देखना क्या है!"

नेमक्या याच वाक्यासाठी वसुधा त्याच्या हाती रजिस्टर देत नव्हती.

रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं होतं. त्यात चार रकाने आखलेले होते: क्रमांक, काम, केलं, तपासलं. एकूण एकसष्ट कामं. 'केलं'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तिची 'व.' अशी आखूड सही आणि तारीख. 'तपासलं'चा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

वसुधा चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत होती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली तेव्हा ती तिथली प्रमुख तंत्रज्ञ होती. रक्ताची पिशवी खिडकीतून बाहेर जाण्याआधी तिच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक रक्त जुळवून पाहणाऱ्याची, दुसरी ते पुन्हा तपासणाऱ्याची. एकाच माणसाच्या दोन सह्या चालत नाहीत, मग तो कितीही हुशार असो. थकलेला डोळा स्वतःची चूक दुसऱ्यांदाही बरोबरच वाचतो. नव्या मुलामुलींना ती पहिल्याच दिवशी हे सांगायची, आणि आणखी एक गोष्ट सांगायची: जे केलं नाही त्यावर सही करायची नाही. चूक झाली तर मी तुमच्या पाठीशी उभी राहीन, खोटी सही केलीत तर नाही. चौतीस वर्षांत तिनं स्वतः तशी सही केली नव्हती. तिच्या आयुष्यात अभिमान धरावा अशा गोष्टी मोजक्या होत्या, आणि त्यांत ही पहिली होती.

ट्रॅक्टर घरात आला तो पंधरा वर्षांपूर्वी. नवरा नरेंद्र तेव्हा तोफखान्यात होता आणि सीमेवर होता. त्याच्या बदल्या होत राहिल्या आणि वसुधाची नोकरी चंदीगडलाच राहिली, तेव्हा घरात मायलेकी दोघीच असायच्या. मुलगी झाली त्या वर्षी तो श्रीनगरला होता, म्हणून तिचं नाव कश्मिरा. ही कश्मिरा चौदाची झाली आणि तिनं बोलणं टाकलं. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं तर 'हाँ', 'नहीं' आणि 'पता नहीं' एवढ्या तीन शब्दांत तिचा दिवस उरकायचा. वसुधा मराठीत विचारायची, ती हिंदीत संपवायची.

एका रविवारी दोघी मनीमाजऱ्याला भंगारवाल्याकडे लोखंडी मांडणी बघायला गेल्या होत्या. तिथे कुठल्याशा नर्सरीतून आलेला एक बागेतला ट्रॅक्टर पडला होता. मोठ्या खुर्चीएवढा, एका सिलिंडरचा, पोटाखाली गवत कापायची पाती असलेला, साठ वर्षांचा तरी म्हातारा. चाकांतून गाजर गवत उगवलं होतं. कश्मिरा त्याच्यापाशी थांबली, बॉनेट उचलून आत वाकली, आणि आठ दिवसांतलं तिचं पहिलं पुरं वाक्य बोलली:

"आई, इसको खोलें?"

मांडणी राहिली, ट्रॅक्टर घरी आला. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघींनी तो खोलायला घेतला. वसुधाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कळत होती ती पद्धत. निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत जायचा, पिशवीवर कामाचा क्रमांक पडायचा, पिशव्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. भाग जागेवर बसला की रिकामी पिशवी परत डब्यात. एकीनं करायचं, दुसरीनं तपासायचं, दोघींनी सही करायची.

आणि शेडमध्ये कश्मिरा बोलायची. नजर नटावर असली की तिचं तोंड मोकळं व्हायचं. शाळेत कोणी कोणाचं पत्र पकडलं, फिजिक्सच्या सरांचा विग, आपल्याला आपलं नाक का आवडत नाही, सगळं. वसुधा पाना पुढं करायची आणि मान वर न करता ऐकायची, कारण मान वर केली की बोलणं थांबतं हे तिच्या ध्यानात आलं होतं. सुट्टीतले रविवार धरून हे काम सहा वर्षं चाललं. यंत्र बरं होण्याची घाई दोघींनाही नसावी.

मग ती दिवाळी आली. कश्मिरा वीस वर्षांची, इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवरून घरी आलेली. ट्रॅक्टर सुरू करायचा म्हणून वसुधानं विद्यापीठातल्या मैत्रिणीला, पद्मजाला आणि तिच्या नवऱ्याला, विजयकुमारना बोलावलं होतं, तेव्हाही सुटे भाग कातून देणारा सतनाम तर न बोलावता आला होता. पेढे आणले होते. आदल्या दिवशी शेवटचं काम वसुधानं केलं होतं, ब्रेकच्या दांड्याचं. तपासणी कश्मिराकडे होती.

रक्तपेढीत वसुधाची एक पद्धत होती. महिन्यातून एकदा ती कोणालाही न सांगता रोजच्या नमुन्यांत एक बनावट नमुना सरकवायची. न असलेल्या रुग्णाचं नाव, आणि उत्तर आधीच तिला माहीत असलेला. तंत्रज्ञ किती जागा आहे हे तेवढ्यावरून समजायचं. त्यात कोणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नसायचं, तो कामाचाच भाग होता. त्याच सवयीनं तिनं ब्रेकच्या दांड्याची स्प्लिट पिन मुद्दाम बसवली नाही. केसांच्या आकड्यासारखी ती बोटभर पिन नट सैल होऊ देत नाही. ती नसेल तर ब्रेक आज लागेल, उद्या लागेल, परवा दांडा निखळून पडेल.

कश्मिरानं तीन मिनिटांत सही केली आणि हसत बाहेर आली.

वसुधानं सगळ्यांसमोर ॲप्रनच्या खिशातून पिन काढून तळहातावर धरली. "ही कुठं असायला हवी होती, कशू?"

सतनाम हसला. विजयकुमारही हसले, "अरे वा, परीक्षा!" म्हणाले. कश्मिराचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तूने किया था," ती म्हणाली, "इसलिए नहीं देखा."

"म्हणूनच तर बघायचं असतं."

वसुधाचं म्हणणं बरोबर होतं. आजही तिला ते बरोबरच वाटत होतं, आणि नऊ वर्षांत त्याचा तिला काडीचा उपयोग झाला नव्हता. कश्मिरानं पेन रजिस्टरवर ठेवलं, केरोसीननं हात धुतले आणि ती घरात निघून गेली. पाहुण्यांनी पेढे खाल्ले. ट्रॅक्टर त्या दिवशी सुरू झाला नाही आणि नंतर त्याच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच.

पुढं कश्मिरा बंगळूरला नोकरीला गेली. दोन वर्षांपूर्वी बदलीनं चंदीगडला परत आली, आयटी पार्कात. वसुधानं तिची खोली झाडूनपुसून ठेवली, पण कश्मिरानं सेक्टर बावीसमध्ये भाड्याची खोली घेतली. ऑफिसला जायला तिथून बरं पडतं म्हणाली. एक रविवार सोडून एक रविवार यायची. पुढच्या दारानं यायची, जेवायची, डबा घ्यायची, पुढच्या दारानं जायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेड समोर दिसायची, तर ती खिडकीकडे पाठ करून बसायची. बोलायला विषय तसे होते. नरेंद्रचे होते. तो निवृत्त झाल्यावर कराडला आपल्या आईपाशी गेला, आणि पुढं आई गेल्यावरही तिकडचाच होऊन राहिला होता. पण तीन शब्दांचे दिवस परत आले होते, फक्त आता ते तीन शब्द जरा सभ्य झाले होते.

वसुधा निवृत्त झाली तेव्हा ताडपत्री काढून पाहिली. गंज चढला होता, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. तिनं पुन्हा पहिल्या नटापासून सगळं खोललं. नवं रजिस्टर आखलं. चौदा महिने एकटीनं काम केलं. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून हातात पाना असताना कधीकधी ती स्वतःशीच बोलायची, आणि मग रेडिओ लावायची. सरतेशेवटी एकसष्टावी सही झाली, आणि ती रिकाम्या रकान्यासमोर येऊन बसली.

सांगायचं कसं? 'ये आणि तपास' एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं अडीच महिन्यांत पाच रविवारी ते वाक्य जुळवलं आणि पाचही रविवारी आमटी वाढता वाढता गिळलं.

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी फोन आला. कश्मिराचा तो रविवार नव्हता.

"आई, आज आ रही हूँ. कुछ बताना है."

धुकं विरून अकरा वाजता ऊन पडलं होतं. दोघी पुढच्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसल्या. कश्मिरानं पिशवीभर किन्नू, इकडची संत्री, आणले होते. एक सोलता सोलता तिनं सांगितलं की कंपनी तिला हैदराबादला पाठवतेय. बढती आहे. एक मार्चला रुजू व्हायचं.

"बरं झालं," वसुधा म्हणाली. "राहायचं काय?"

"कंपनी देगी, पहिले महिनाभर."

"तिकडे थंडी नसते. रजई नेऊ नकोस."

"नहीं नेती, आई." कश्मिरा हसली.

फेब्रुवारीत चार रविवार, वसुधानं मनात मोजलं. किन्नूची एक फोड तोंडात तशीच धरून ती म्हणाली, "कशू, जाण्याआधी एक काम करशील? तपासणी राहिलीय."

कशाची, हे कश्मिरानं विचारलं नाही. सालीचे बारीक तुकडे करत राहिली.

"सतनाम अंकल को बोल ना."

"तो न बघता सही करतो."

"मैंने भी वही किया था."

"एकदाच," वसुधा म्हणाली.

कश्मिरानं साली कागदात गुंडाळल्या, उठली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा घराला वळसा घालून मागच्या अंगणाकडे चालू लागली. वसुधा मागोमाग गेली. फार जवळ नाही, फार लांबही नाही.

शेडमध्ये कश्मिरा ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आली. बॉनेटवर हात फिरवला. "रंग वही है?"

"तू पहिल्यांदा खरवडला होतास तेव्हाचा पोपडा मी ठेवला होता. त्याच्याशी जुळवून घेतला."

"पोपडा ठेवला होतास? लेबल लगा के?"

"मग? बिनलेबलाचा ठेवू?"

कश्मिरानं रजिस्टर उघडलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "एकसष्ट? आई, यार, ये घास काटने जाएगा या चाँद पे?"

"गवत नीट कापायला हवं."

ती मोठ्यानं हसली. वसुधा पालथ्या बादलीवर बसली आणि तिनं खाली बघायला सुरुवात केली.

पहिली नोंद पुढच्या डाव्या चाकाची होती. कश्मिरानं चाक हलवून पाहिलं, फिरवलं, कान देऊन ऐकलं आणि सही केली: 'क.' मग उजवं चाक. टायरमधली हवा. बॉनेटच्या बिजागऱ्या. वसुधा मागायच्या आत पाना पुढं करत होती, आणि चौथ्या नोंदीपाशी ते झालं. कश्मिरा बोलू लागली. खोलीवरची स्वराली कशी रोज रात्री आंघोळीला पाऊण तास लावते. नव्या साहेबाला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून तो 'इंटरेस्टिंग' म्हणतो. हैदराबादची तिला थोडी भीती वाटते, पण हे बाबांना सांगायचं नाही. वसुधा एका वॉशरकडे इतकं निरखून बघत होती की तिच्या मानेत कळ आली. पण मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

सातवी नोंद होती पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याची. स्टिअरिंग वळवलं की हा दांडा चाकं वळवतो. कश्मिरा गोणपाटावर आडवी होऊन खाली सरकली. तिचं बोलणं 'और पता है आई, तो काय म्हणाला' इथपर्यंत आलं आणि थांबलं.

"काय म्हणाला?"

खालून हात बाहेर आला. "टॉर्च दे."

वसुधानं टॉर्च दिला. बराच वेळ नुसता उजेड हलत राहिला. कश्मिरा बाहेर सरकली, उठून बसली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"पिन नहीं है."

"कुठली?"

"स्प्लिट पिन. लेफ्ट साइड." तिनं चिंधीला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. "फिर से, आई? नौ साल बाद? मैं अगले महीने जा रही हूँ और तू अभी भी मेरा टेस्ट ले रही है?"

वसुधाला आधी समजलंच नाही. मग तिनं रजिस्टर ओढून घेतलं. सातवी नोंद. 'दांडा बसवला, नट आवळले, स्प्लिट पिना दोन्ही बाजूंनी घातल्या. व.' तारीख सप्टेंबरची होती.

ते काम तिला आठवेना. सप्टेंबर आठवत होता, त्या दिवशी लाइट गेली होती हे आठवत होतं. उजवीकडची पिन वाकवताना बोटाला लागलं होतं तेही आठवत होतं. डावीकडची आठवत नव्हती.

कश्मिरा उभी राहिली होती. चपला शोधत होती.

'हो, मुद्दाम ठेवली' एवढे तीन शब्द पुरे होते. मग ही नोंद खोटी ठरली नसती. ती एक परीक्षा ठरली असती आणि चौतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. कश्मिरा पुढच्या दारानं गेली असती, हैदराबादहून रविवारी फोन केला असता, जेवलीस का, हाँ, बरी आहेस ना, हाँ. वसुधाला तेही आयुष्य माहीत होतं. ते जगता येतं.

"कशू, मी मुद्दाम नाही ठेवली."

"प्लीज, आई."

"मी विसरले." तिचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "विसरले, आणि सही केलीय."

"तू नहीं भूलती. तू मेरे दूध के दाँत तक नंबर लगा के रखती है."

वसुधा उठली. मांडणीवरचा बिस्किटांचा डबा तिनं खाली घेतला. रिकाम्या पिशव्यांतून सात क्रमांकाची शोधायला तिला वेळ लागला. ती रिकामी नव्हती. तिच्यात एक पिन होती, नवी, दोन्ही पाय सरळ. तिनं ती पिशवी कश्मिराच्या हातात दिली.

मागच्या वेळी पिन तिच्या खिशात होती. कश्मिरालाही तेच आठवत असावं. तिनं पिशवी उजेडात धरून पाहिली, मग आईच्या ॲप्रनच्या खिशाकडे पाहिलं, मग आईकडे. पायात घातलेली एक चप्पल तिनं काढून ठेवली.

"ऐसा कितनी बार हुआ है?"

"सांगता येत नाही. विसरलेलं आठवत असतं तर सांगितलं असतं."

कश्मिराला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच मोडलं. "आई..."

"सतनामकडून एकच बुश दोनदा करून घेतला. मागच्या महिन्यात दूध उतू गेलं, ते शेजारणीनं येऊन सांगितलं. बाकी बरं आहे."

"बाबांना माहितीय?"

"नाही."

"डॉक्टर?"

"चौतीस वर्षं त्यांच्यातच काढली, कशू. जाईन. तारीख घेते." तिनं डब्याचं झाकण लावलं. "तू पहिलीच."

गल्लीतून कोणीतरी गाजरं विकत गेला.

मग कश्मिरानं रजिस्टर घेतलं, वरच्या सहाही सह्यांवर एकेक सरळ रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात 'क.' आणि आजची तारीख घातली. खोडलेलं खाली वाचता यायला हवं, खोडणाऱ्याचं नाव कळायला हवं. हे तिला कोणी शिकवलं ते दोघींना ठाऊक होतं.

"हे कशाला?"

"ये मैंने हिला के देखा था," कश्मिरा म्हणाली. "खोल के नहीं. तू केलंयस म्हणून." शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली. "बारा नंबरचा पाना दे. मी पहिल्यापासून बघते."

तिनं डावं चाक उतरवलं. छऱ्यांचं कडं काढून ग्रीस बोटावर घेऊन पाहिलं, कडं पुन्हा बसवलं. उजवं चाक उतरवलं. हवा मोजली. बोलली नाही. वसुधानं पाने दिले. जेवण राहून गेलं. सही पडायची तेव्हा वसुधाला पेनाचा आवाजसुद्धा ऐकू यायचा.

तीन नोंदी झाल्यावर, मधल्या तीन पुढच्या वेळेसाठी ठेवून, कश्मिरा सातवीपाशी आली. पिन तिनं स्वतः बसवली, पक्कडीनं दोन्ही पाय वाकवले, बाहेर आली आणि 'केलं'च्या रकान्यातल्या आईच्या सहीवर रेघ मारून शेजारी आपली केली.

"आता हे मला तपासता येणार नाही," ती म्हणाली. "नियम आहे."

वसुधानं ॲप्रन सारखा केला आणि गोणपाटावर आडवी झाली. बासष्टाव्या वर्षी खाली सरकायला वेळ लागतो. टॉर्चच्या उजेडात पिन दिसत होती. तरी तिनं बोटानं चाचपून पाहिलं. एक पाय वर, एक पाय खाली, दोन्ही नटाला घट्ट टेकलेले. नट ओढून पाहिला. दांडा हलवून पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण आता तिला स्वतःच्या एकदा पाहण्याचा भरवसा नव्हता. लोखंड थंडगार होतं. बाहेर कश्मिराचे पाय दिसत होते, एका जागी, घाई न करणारे. तिला वाटलं, इथंच थोडा वेळ राहावं.

बाहेर येऊन तिनं सही केली. या रजिस्टरातल्या 'तपासलं'च्या रकान्यात तिची ही पहिलीच 'व.' होती.

पाच वाजता ऊन शेडवरून उतरलं आणि बोटं वळेनाशी झाली. कश्मिरानं केरोसीननं हात धुतले, वर साबण लावला, तरी नखांत काळं राहिलंच.

"पुढच्या रविवारी नऊला येते," ती म्हणाली. "तोवर काही छेडायचं नाही. एकटीनं काही उघडायचं नाही."

"नाही."

"पक्का?"

"पक्का. डबा नेतेस का? मेथीची भाजी आहे."

"दे." मग ती दारात घुटमळली. "गॅस बंद केलायस?"

वसुधा आत जाऊन बघून आली. बंद होता.

फाटकाचा आवाज आला, मग ऑटोचा, मग काही नाही. घर एकदम मोठं झालं. वसुधानं शेडला कुलूप लावलं आणि पत्र्याचा डबा उचलून आत आणला. तो तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

चार नोंदी झाल्या होत्या. सत्तावन्न राहिल्या होत्या. रविवार चार. दिवसाला चार या हिशेबानं सोळा व्हायच्या. उरलेल्या एक्केचाळीस कधी, याचा भागाकार तिनं केला नाही.

डब्यात एकसष्ट पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवी नुसती उजेडात धरली असती तरी दहा मिनिटांत तिला समजलं असतं की चौदा महिन्यांत ती काय काय विसरली होती. डब्याच्या झाकणावर तिनं हात ठेवला. किन्नूच्या सालीचा वास अजून बोटांना होता. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नसतं, हे खरं होतं. आणि तिला भीती वाटत होती, हेही तितकंच खरं होतं.

तिनं हात काढून घेतला. पण उद्या सकाळी हा डबा इथं का आहे, हे तिला आठवेलच असं नव्हतं. म्हणून तिनं पांढरी चिकटपट्टी कापली, झाकणावर आडवी लावली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'रविवारपर्यंत उघडू नये.' खाली तारीख घातली, डाव्या बाजूला सही केली, आणि उजवीकडे सवयीनं दुसऱ्या सहीपुरती जागा सोडली.